पावसाळा लागला की शेणातल्या ताण-संप्रेरकांचे आकडे का चढतात?

तक्रार दरवर्षी एकाच सुरात येते. मार्चमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांचे आकडे गुण्यागोविंदाने एका पट्ट्यात बसलेले असतात. जुलैचे नमुने चाचणीच्या प्लेटवर चढवले की तेच आकडे दुपटीच्या वर जातात, आणि तेही नीट ओळीत नाही. एकाच कळपातला एक नमुना आभाळात, दुसरा जमिनीवर. मग अहवालात लिहिलं जातं की पावसाळ्यात जनावरांवर ताण वाढतो. कुणी त्याला पर्यटकांच्या जीपगाड्या जोडतं, कुणी शेताच्या कुंपणातला करंट.

हे असं लिहिण्याच्या बेतात मीही होतो. राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरच्या बाजूला गव्यांचं शेण गोळा करायचं, त्यातल्या ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या (कॉर्टिसॉलसारख्या ताण-संप्रेरकांच्या) अवशेषांवरून ताण मोजायचा, असं काम. लागोपाठ दोन पावसाळे आकडे चढले. पहिल्या वर्षी मी गव्यांना जबाबदार धरलं. दुसऱ्या वर्षी एलायझा किटला, म्हणजे रंगावरून संप्रेरक मोजणाऱ्या चाचणीच्या संचाला. खरा दोष थर्माकोलच्या डब्यात होता, आणि तो सापडायला तिसरं वर्ष उजाडलं, कारण मी उलट्या टोकाकडून शोधत होतो.

आता शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी प्लेट, कारण ती एका दिवसात तपासून होते. मग अर्क. मग जंगल ते फ्रीझर हा प्रवास. आणि हे सगळं निर्दोष सुटलं तरच जनावर.

पण त्याआधी, आपण नेमकं काय मोजतो ते डोक्यात स्पष्ट हवं, नाहीतर पुढची कुठलीच दुरुस्ती कळणार नाही. गवा बिचकला की मेंदूकडून निरोप निघतो, अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, ते रक्तात येतं. रक्तातली ही वाढ साधारण तीन मिनिटांत दिसू लागते, म्हणूनच रानटी जनावर पकडून काढलेल्या रक्तात बहुधा पकडण्याचाच ताण सापडतो. शेणाचा फायदा इथेच आहे: जनावराला पत्ताही नसतो. पण शेणात कॉर्टिसॉल जवळपास नसतंच. यकृत त्याचं रूप बदलतं, पित्तावाटे ते आतड्यात येतं, तिथे जिवाणू पुन्हा त्याची मोडतोड करतात, आणि आपल्या हातात येतात ते उरलेसुरले तुकडे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या रूपर्ट पाल्मे आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पाळीव जनावरांत हा उशीर मोजला: मेंढीत सुमारे १२ तास, तट्टात २४, डुकरात ४८. म्हणजे आज सकाळचं शेण काल रात्रीची गोष्ट सांगतं. आणि मोडतोड करणारे ते जिवाणू शेणासोबतच बाहेर पडतात. बाहेर आल्यावर काम थांबवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आधी प्लेट.

प्लेटवरचा संशय

ही एलायझा स्पर्धात्मक असते: नमुन्यातलं संप्रेरक आणि किटमधलं रंग देणारं संप्रेरक, दोघंही अँटिबॉडीला (संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटायला झगडतात. नमुन्यात संप्रेरक जास्त, तर रंग कमी. नवीन विद्यार्थी पहिल्या महिन्यात हमखास उलटं वाचतो. मीही वाचलं होतं. रंग का कमी पडला याची इतर कारणंही तुम्हाला ‘जास्त ताण’ म्हणूनच दिसणार, हा त्याचा खरा धोका. शेणातून संप्रेरक काढायला वापरलेलं मेथॅनॉल अर्कात जास्त राहिलं आणि पुरेसं पातळ न करता तो वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) गेला, तर अँटिबॉडीची पकडच ढिली होते, रंग उतरतो, आणि आकडा फुगतो. एकच नमुना १:१०, १:२०, १:४० असा पातळ करून बघा. गुणाकार करून आकडा तोच येत असेल तर ठीक. पातळ करत जाल तसा आकडा सरकत असेल, तर तुम्ही शेणातला काहीतरी वेगळाच पदार्थ मोजताय.

स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांची वक्ररेषा, जिच्यावरून आकडा वाचतात, ती दोन्ही टोकांना सपाट होते. साधारण २० ते ८० टक्के बाइंडिंगच्या (अँटिबॉडीच्या पकडीच्या) मधला भाग भरवशाचा, त्याबाहेरचा आकडा म्हणजे अंदाजपंचे. जुलैचे नमुने तिथे टोकाला जाऊन बसले असतील तर ते आणखी पातळ करून पुन्हा लावा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेल लवकर तापतात, लवकर सुकतात. सगळा जुलै कडेला आणि सगळा मार्च मधोमध लावलात तर ऋतूचा फरक तुम्ही स्वतःच तयार केलात. नमुने मिसळून लावा. प्रत्येक प्लेटवर एक उंच आणि एक खालचा कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) हवा. एकाच नमुन्याच्या दोन वेलमधला फरक १० टक्क्यांच्या आत आणि कंट्रोलचा प्लेट-ते-प्लेट फरक १५ टक्क्यांच्या आत, ही बहुतेक प्रयोगशाळांत पाळली जाणारी मर्यादा आहे.

पण खरी तपासणी एकच, आणि ती स्वस्त आहे: मार्चचं गोठवलेलं शेण आणि जुलैचं गोठवलेलं शेण एकाच दिवशी पुन्हा काढा, एकाच हाताने अर्क करा, एकाच प्लेटवर लावा. मार्चचे जुने अर्क वापरू नका. कुपीचं झाकण जरा सैल असेल तर मेथॅनॉल उडून जातं, अर्क घट्ट होतो, आणि तुलना बिघडते. एका प्लेटवरही जुलै वर आणि मार्च खाली असेल, तर प्लेट सुटली. आमच्याकडे ती तशी सुटली, आणि मी किटवाल्या कंपनीला पाठवलेला तिखट ईमेल आठवून अजून कानकोंडा होतो.

अर्क, पाणी आणि चारा

मार्चमधला गव्याचा पो घट्ट, तंतुमय, वर सुकल्या गवताच्या काड्या दिसणारा. जुलैतला पातळ, हिरवागार, पसरट. दोन्हींतला ‘एक ग्रॅम’ सारखा नाही. ओल्या वजनावर हिशोब केलात तर जुलैचा आकडा पाण्यामुळे खाली यायला हवा. तो वर येत असेल तर ही गोष्ट स्वतःच बोलकी आहे. कोरड्या वजनावर हिशोब केलात तर दुसरा घोळ: कोवळं गवत चांगलं पचतं, चोथा कमी उरतो, आणि तेवढंच संप्रेरक कमी चोथ्यात विभागलं जाऊन प्रति ग्रॅम आकडा चढतो. गव्याच्या अंगात काहीही न बदलता. चाऱ्याचा हा परिणाम खरा आहे, पण तो सगळ्या कळपाला एकाच दिशेने हलवतो. आमचे आकडे नुसते चढत नव्हते, ते विखुरत होते. एकच कुरण चरणारे गवे असे विखुरत नाहीत.

अर्काची रीत साधी आहे: अर्धा ग्रॅम शेण, ५ मिलिलिटर ८० टक्के मेथॅनॉल, नीट घुसळणं, सेंट्रिफ्यूज, वरचं द्रव. चुकतं ते अर्धा ग्रॅम कुठून घेतला तिथे. संप्रेरकाचे अवशेष पोभर सारखे पसरलेले नसतात. चमचाभर वरून उचलणारा आणि मधून उचलणारा, दोघांचे आकडे वेगळे येणार. पिशवीतच शेण थालीपिठाच्या पिठासारखं मळायचं, तंतू आणि बिया बाजूला काढायच्या, मग वजन. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून नेमकं ते सगळ्यात नवख्या माणसाकडे जातं, ही आपल्या प्रयोगशाळांची जुनी खोड.

जंगल ते फ्रीझर

इथे थांबा, कारण बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

आमचा दिनक्रम असा होता. पहाटे वनमजूर मामांबरोबर निघायचं, कळप सापडला की लांब थांबायचं, कळप हलला की जाऊन नमुने उचलायचे, पिशवीवर वेळ लिहायची, थर्माकोलच्या डब्यात बर्फावर टाकायचं. दुपारपर्यंत हेच. मग डबा मुक्कामाच्या जागी, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीने फ्रीझरपर्यंत. मार्चमध्येही हेच आणि जुलैतही हेच, म्हणून मला वाटत होतं की पद्धत सारखी आहे.

सारखी नव्हती. मार्चमध्ये रस्ता कोरडा, गाडी त्याच दिवशी जायची. जुलैत कधी झाड आडवं, कधी दरड, कधी गाडीच नाही. वहीत ‘उचलल्याची वेळ’ होती, ‘गोठवल्याची वेळ’ नव्हतीच. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी डबा उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, पिशव्या त्यात तरंगत होत्या, आणि दोन पिशव्या फुगलेल्या. फुगलेली पिशवी म्हणजे आत आंबणं चालू आहे. जिवाणू जोमात. दोन वर्षं मी गव्यांचा ताण म्हणून जे मोजत होतो, ते डबा किती तास ताटकळला त्याचं मोजमाप होतं. विखुरलेपणही तिथूनच: सकाळी सहाचा नमुना आणि दुपारी बाराचा नमुना एकाच वेळी गोठले, पण त्यांचं वय वेगळं होतं.

हे तुमच्या जागी तपासायचं असेल तर एक दिवस द्या. डोळ्यांदेखत पडलेला एकच मोठा पो घ्या, चांगला मळा, लिंबाएवढे गोळे करा. एक गोळा लगेच गोठवा. बाकीचे सावलीत, त्या ऋतूच्या हवेत ठेवा आणि २, ४, ८, १६, २४ तासांनी एकेक गोठवत जा. दोन गोळे जाळीवर उघड्या पावसात ठेवा. सगळे एकाच प्लेटवर लावा. आकडा कोणत्या तासापर्यंत सपाट राहतो ते कळलं की तुमची मुदत ठरली. त्यानंतर गोठवलेला नमुना बाद, कितीही मेहनतीने मिळवलेला असो. दुसऱ्याच्या लेखातली मुदत उसनी घेऊ नका. प्राणी बदलला, चारा बदलला, अँटिबॉडी बदलली की रेघ वेगळीकडे वळते. काही ठिकाणी आकडा वेळेबरोबर चढतो, काही ठिकाणी उतरतो, कारण जिवाणू तयार करत असलेला तुकडा तुमची अँटिबॉडी ओळखते की नाही यावर ते अवलंबून आहे. पावसाचंही तसंच. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या लेंड्यांवर कृत्रिम पाऊस पाडून पाहिला तेव्हा आकडे वाढले होते. धुऊन कमी होतील अशी आपली भाबडी समजूत असते.

ताजेपणा ओळखणं ही वेगळीच विद्या. पुस्तकात ‘ताजा नमुना घ्यावा’ एवढंच असतं. एकदा मी वाफाळल्यासारखा दिसणारा, चकचकीत ओला पो आनंदाने उचलायला वाकलो. मामा मागूनच म्हणाले, “सायेब, ऱ्हाऊ द्या. रातचं हाय त्ये. पावसानं भिजलंय म्हनून चकाकतंय.” मग काठीने कड उचलून दाखवली: खाली शेणकिड्यांनी पोखरून मातीचे ढीग काढले होते. पावसाळ्यात वरची चमक फसवते. कडेची साय, खालचे किडे आणि खालची जमीन कोरडी की ओली, हे बघायचं. पाऊस थांबल्यावर पडलेल्या पोखाली ओली जमीन असते, पाऊस सुरू होण्याआधीच्या पोखाली कोरडी. आता आमचा नियम असा की पडताना पाहिलेलं नसेल तर पावसाळ्यात घ्यायचंच नाही. नमुने निम्म्यावर आले. येऊ द्या.

बर्फावर एक जुना उपाय आहे, कुल्फीवाल्याचा. बर्फ फोडून त्यात खडे मीठ घातलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. पिशव्या दुहेरी घ्या, नाहीतर खारं पाणी नमुन्यात. जिथे जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन मिळतो तिथे त्याचा छोटा कॅन हा सगळ्यात चांगला मार्ग. दोन्ही जमत नसेल तर जागेवरच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये नमुना मिसळता येतो, पण अल्कोहोल म्हणजे कायमचा बंदोबस्त नव्हे. बबूनच्या विष्ठेवर झालेल्या कामात अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यांचे आकडे महिन्यांच्या हिशोबात आधी चढले आणि मग उतरले. आणि काहीही करा, मार्चमध्ये बर्फ आणि जुलैत अल्कोहोल असं करू नका. तो फरक नंतर कुठलंही गणित वेगळा काढून देत नाही.

शेजारी मूत्र पडलेलं असेल तर तो नमुना सोडा. मूत्रातले अवशेष वेगळे असतात आणि ते शेणाचा आकडा बिघडवतात.

फ्रीझरवरही डोळा ठेवा. लाईट जाते, येते, कुणी सांगत नाही. एका वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा, वाटी फ्रीझरातच राहू द्या. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर तुमच्या गैरहजेरीत सगळं वितळून पुन्हा गोठलंय. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नमुन्यांसाठी नको. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःच गरम होतो, तेच त्याचं काम आहे.

एवढं करूनही आकडे वरच असतील तर

मग जनावराकडे वळा, पण थेट ‘ताण’ या शब्दावर उडी नको. गाभण गाईचे आकडे वर असतात. नराच्या शेणातले टेस्टोस्टेरॉनचे अवशेष काही कॉर्टिसॉल-अँटिबॉडींना चिकटतात, आणि माजावरचा बैल ‘तणावग्रस्त’ ठरतो. रवंथ करणाऱ्यांसाठी म्हणूनच ११-ऑक्सोएटिओकोलॅनोलोनसारख्या अवशेषांना ओळखणाऱ्या चाचण्या बनल्या. माणसाच्या लाळेसाठी विकलं जाणारं कॉर्टिसॉल किट शेणावर चालेलच असं नाही. एकाच गव्याचे पाच पो उचलून पाच गवे समजणं ही तर नेहमीची चूक.

चाचणी त्या प्राण्यावर खरंच चालते का, हे सिद्ध करायला एसीटीएचचं (अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी शेणातला आकडा चढतो का बघतात. रानातल्या गव्याला ते कोण देणार? प्राणिसंग्रहालयातलं जनावर मिळालं तर उत्तम. नाहीतर एखादं स्थलांतर: २०११ मध्ये कान्हातून बांधवगडला गवे हलवले तसा प्रसंग, जिथे ताण आला हे नक्की माहीत असतं आणि आधीचे-नंतरचे नमुने घेता येतात.

अशी आधी-नंतरची तुलना नशिबाने मिळाली तर काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण समुद्रातलं आहे. कॅनडाच्या फंडीच्या आखातात राइट व्हेलच्या तरंगत्या विष्ठेचे नमुने गोळा होत होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर जहाजांची ये-जा एकदम घटली, पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला, आणि व्हेलच्या विष्ठेतले ग्लुकोकॉर्टिकॉइडचे अवशेषही उतरले. पुढच्या वर्षांत त्याच ऋतूत तसा उतार दिसला नाही. आधी, नंतर आणि पुढची वर्षं, तिन्ही हाताशी होती म्हणून ते बोलता आलं.

उलट उदाहरण हत्तींचं. कर्नाटकात शेतात घुसणाऱ्या हत्तींच्या लिदीत ताणाचे आकडे जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी निघाले, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. कारण म्हणून पुढे आला तो शेतातला सकस चारा. फटाके, डबे, आरडाओरडा सोसूनही. चाऱ्याचं पारडं किती जड असतं ते यावरून कळतं. ऊस खाऊन परत आलेल्या गव्याच्या शेणाबद्दल मी म्हणूनच हल्ली घाईने काही बोलत नाही.

वहीत आता चार रकाने आहेत: पडल्याची वेळ, उचलल्याची वेळ, गोठवल्याची वेळ, पाऊस होता की नाही. पहिला रकाना रिकामा असेल तर पिशवी प्रयोगशाळेत जात नाही. त्या दोन पावसाळ्यांचे नमुने मी फेकले नाहीत. फ्रीझरच्या तळाच्या खणात आहेत, प्रत्येक पिशवीवर लाल शाईने ‘संप्रेरकांसाठी नाही’ लिहिलंय. त्यांतून कुठला गवा कुठला हे डीएनएवरून कळेल का, ते पुढच्या महिन्यात बघणार आहोत.